हलकी फुल सस्पेन्शन एमटीबी बांधायची आहे: खारी हवा आणि जांभा सोसणारी

सडाफिरा (रत्नागिरी)

सुट्या भागांतून २९ इंची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके शोषणारी) माउंटन बाइक बांधायचं ठरलंय. पुढे १२० मिमी, मागे ११५ मिमी ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल). वापर सड्यावरच्या (जांभ्याच्या पठारावरच्या) पायवाटांवर, गावातल्या पाखाड्यांवर (दगडी पायऱ्यांच्या वाटांवर) आणि दोन खाड्यांमधल्या खड्या चढउतारांवर, शिवाय अधूनमधून आंबा किंवा भुईबावडा घाट. चालवणाऱ्याचं वजन ७० किलो. पावसाळ्यातही सायकल बाहेर निघणार.

वजनाचा हिशोब ग्रॅममध्ये असा मांडलाय. कार्बन फ्रेम २१००, शॉक (मागचं सस्पेन्शन) २६०, फोर्क (पुढचं) १५५०. कार्बन रिमची चाकं १४००, टायर ७५० चे दोन म्हणजे १५००, सीलंट-व्हॉल्व्ह-टेप २५०. ड्राइव्हट्रेन शिमानो एक्सटी १२ स्पीड: कॅसेट १०-५१ ची ४७०, चेन २५०, मागचा डिरेलर २८५, शिफ्टर केबलसकट १८०, ३२ दात्यांचा क्रँक ६३०, बॉटम ब्रॅकेट ७५. ब्रेक ५६०, रोटर १८० आणि १६० चे मिळून २४०. हँडलबार, स्टेम आणि ग्रिप ३८०, हेडसेट १००, ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारी सीटपोस्ट) लिव्हरसकट ५७०, सीट २००, दोन्ही अ‍ॅक्सल ८०, पेडल ३४०, बाटलीचा पिंजरा ३०. एकूण ११ किलो ४५०.

ते ११ च्या आत आणायचंय. निपल (स्पोक रिमला धरणारे नट) अ‍ॅल्युमिनियमचे घेणार आहे आणि सगळे बोल्ट टायटॅनियमचे. फ्रेम दोन नजरेत आहेत. 'अ' मध्ये सगळ्या केबल हेडसेटमधून आत जातात. 'ब' मध्ये डाउनट्यूबच्या बाजूला भोकं आहेत, पण ती ९० ग्रॅम जड आहे. आणखी कुठे कापता येईल? आणि यातलं काय आपल्याकडे टिकणार नाही?

खारा वारा (मालवण)

आधी निपलचं. अ‍ॅल्युमिनियमचे निपल कार्बन रिममध्ये, समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर, अजिबात नको.

कार्बन वीज वाहतो. तो अ‍ॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारट ओलावा आला की एक छोटा विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. आपल्या हवेत तो ओलावा वेगळा आणावा लागत नाही. सायकल पडवीत नुसती उभी असली तरी रात्रीत खारट दमट थर बसतो. निपलच्या मुळाशी आधी पांढरी पूड दिसते. ती पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे निपल भोकात आवळून बसतो. मग चाक सरळ करायला स्पोक की लावली की निपल फिरतच नाही, त्याचे कोपरे गोल होतात किंवा डोकं तुटून रिमच्या आत पडतं. ट्यूबलेस असेल तर ते डोकं काढायला टेप उचकटावी लागते.

पितळी निपल साधारण १ ग्रॅमचा, अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या एक तृतीयांश. २८ स्पोकच्या दोन चाकांत ५६ निपल, म्हणजे फरक ३६ ग्रॅमच्या आसपास. एवढ्यासाठी चाक पणाला लावू नका. बांधतानाच प्रत्येक स्पोकच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) किंवा जवस तेलाचा थेंब द्या.

टायटॅनियमच्या बोल्टला हाच नियम उलट बाजूनं लागतो. बोल्ट गंजत नाही, पण त्याच्या भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खातो. शिवाय कोरडा टायटॅनियम बोल्ट आट्यांत चिकटतो आणि काढताना आटे घेऊन येतो. स्टेम आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट टायटॅनियमचे घेतले तर चालतील, मात्र भरपूर अँटी-सीझ लावून. रोटर आणि ब्रेक कॅलिपरला कंपनीनं दिलेले स्टीलचेच ठेवा. सगळी सायकल टायटॅनियम करून वाचतात ४०-५० ग्रॅम.

बत्तीस स्पोक (अलिबाग)

पितळी निपलला +१.

फ्रेम 'ब' घ्या, ९० ग्रॅम सोसून. हेडसेटमधून केबल नेलेल्या फ्रेमचा त्रास दुकानात कळत नाही. वरच्या बेअरिंगभोवती केबल जायला मोकळी जागा असते आणि तिथूनच पाणी आत उतरतं. आपल्याकडे हेडसेटची बेअरिंग एका पावसाळ्यात खरखरू लागतात. साध्या फ्रेमला ते अर्ध्या तासाचं काम: स्टेम सोडा, फोर्क खाली घ्या, बेअरिंग बदला. हेडसेटमधून केबल असल्या की मागच्या ब्रेकची होज सोडावी लागते, होजच्या टोकाला नवा ऑलिव्ह आणि बार्ब टाकावा लागतो, मग ब्लीड (तेलातली हवा काढणं). ३००-४०० रुपयांच्या बेअरिंगसाठी ब्रेक उघडायचा. अशी फ्रेम घेतलेले बरेच जण हेडसेट उघडायचं टाळतात, आणि मग खालची बेअरिंग कपात गंजून घट्ट बसते.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे की प्रेसफिट, तेही बघा. आट्यांचा असेल तर बरं. प्रेसफिट ओल्यात करकरतो आणि प्रत्येक वेळी ठोकून काढताना फ्रेमचं भोक थोडं सैल होतं.

वजनाबद्दल एक सांगतो. जाहिरातीतलं फ्रेमचं वजन बहुतेकदा सर्वांत लहान मापाचं असतं, आणि अ‍ॅक्सल, सीट क्लॅम्प, केबलची बुचं धरलेली नसतात. टायर तर एकाच मॉडेलचे दोन घेतले तरी त्यांच्यात ४०-५० ग्रॅमचा फरक निघतो. ५ किलोचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा आणि प्रत्येक भाग बसवण्याआधी तोला. तुमच्या यादीत खरे १५०-२०० ग्रॅम वाढतील असं धरूनच चाला.

पाखाडी (गुहागर)

मागचा ७५० ग्रॅमचा टायर चालेल, मॅक्सिसचा रेकॉन रेस किंवा आयकॉन २.३५ च्या जातीचा. पुढे मात्र नको. जांभा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन वेगळे दगड असतात. कोरडा सडा खडबडीत असतो, टायर नुसता चिकटून चालतो, पण भोकाभोकांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि साइडवॉल कापतात. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की त्यावर शेवाळाचा पातळ थर येतो. मग नॉबची उंची कामाची नसते, रबराचा मऊपणा कामाला येतो. म्हणून पुढे रेकॉन २.४, मऊ रबराचा आणि साइडवॉलला संरक्षण असलेला, साधारण ८०० ग्रॅमचा.

हवा ७० किलोला पुढे १९-२०, मागे २२-२३ पीएसआयपासून सुरू करा. सड्यावर १६-१७ ला छान वाटतं, पण पाखाडीच्या चिऱ्याच्या कडेवर रिम आपटते, आणि कार्बन रिम आपटली की चपटी होत नाही, तडकते.

सीलंट २९×२.४ ला १०० ते १२० मिली. एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन महिन्यांत सुकतं. व्हॉल्व्हचं कोअर काढून आत झिप टाय बुडवून बघा. टोक ओलं आलं नाही तर ६० मिली नवीन घाला.

ड्रॉपर काढायचा मोह होईल. साधी सीटपोस्ट टाकली तर ३७० ग्रॅम एकदम वाचतात आणि ११ च्या जवळ येण्याचा तोच एक सरळ रस्ता दिसतो. फक्त सागरी महामार्ग आणि सडे करणार असाल तर काढा. पाखाडी उतरणार असाल तर ठेवा. पाखाडीच्या पायऱ्या एकसारख्या नसतात. तीन उथळ, मग एक गुडघाभर, शेजारी गडगा (दगडी बांध). सीट वर असली की वजन मागे नेता येत नाही आणि त्या खोल पायरीवर पुढचं चाक अडकतं.

सडाफिरा (रत्नागिरी)

निपल पितळी, फ्रेम 'ब', पुढचा टायर रेकॉन. ठरलं. ड्रॉपर राहतोय.

पिव्हटच्या, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्यांच्या, बेअरिंगचं विचारायचं होतं. फ्रेममध्ये ६९०२ मापाचे दोन आणि ६८०२ चे चार आहेत. स्टेनलेसचे टाकावेत का? आणि नवीन फ्रेमची बेअरिंग उघडायची गरज असते का?

खारा वारा (मालवण)

हो, नवीन असतानाच उघडा. फुल सस्पेन्शन सायकल इथं बहुतेक वेळा पिव्हटमधून मरते.

चाकातली बेअरिंग गरगर फिरते, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरत राहतं. पिव्हटची बेअरिंग फिरत नाही, काही अंशांतच मागेपुढे हलते. गोळ्या त्याच जागी घासत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. उरलेल्या पोकळीत खारट पाणी शिरलं की गोळीच्या खाली रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) तांबूस ठिपके पडतात. वरून सील कोरं दिसतं. शॉक सोडून मागचा त्रिकोण हातानं वरखाली करा. मऊ हलण्याऐवजी खटखट जागा लागली की समजा बेअरिंग गेली.

कारखान्यातून येताना बेअरिंग ग्रीसनं पूर्ण भरलेली नसते. चाकासाठी ते बरोबर आहे, जास्त ग्रीसनं चाक जड फिरतं. पिव्हटला तो प्रश्न नाही, म्हणून इथं शंभर टक्के भरायची.

शॉक काढा. पिव्हटचे बोल्ट आणि वॉशर ज्या क्रमानं निघतात त्याच क्रमानं कापडावर मांडा आणि फोटो काढा. डावीकडचे वॉशर उजवीकडे गेले तर लिंक वाकडी बसते. बेअरिंग फ्रेममध्येच राहू द्या. पातळ ब्लेडचं टोक सीलच्या आतल्या कडेला घालून हळूच उचला. सील दुमडू नका, दुमडलेलं सील परत सपाट बसत नाही. जुनं ग्रीस डिग्रीझरनं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. पाणी न धरणारं मरीन ग्रीस घ्या. बोटीच्या इंजिनाचं सामान मिळतं तिथं मिळेल. बोटानं एका बाजूनं दाबत राहा, गोळ्यांच्या मधून ते दुसऱ्या बाजूनं वर आलं पाहिजे. मग सील बोटानं गोलाकार दाबून बसवा आणि बाहेर आलेलं पुसा. सील आणि वॉशरच्या मध्ये ग्रीसची पातळ कडी मुद्दाम ठेवा. लाल माती तिला चिकटून बाहेरच राहते.

बोल्टच्या आट्यांना निळं लॉकटाइट (आटे सुटू न देणारा द्रव), आणि बोल्टचा जो गुळगुळीत भाग बेअरिंगमधून जातो त्याला ग्रीस. आट्यांनाही ग्रीस लावलं तर बोल्ट हळूहळू सुटतो, आणि तसाच चालवला की बेअरिंगची जागा अंडाकृती होते. पिव्हटची तीच सर्वांत महाग चूक. टॉर्क फ्रेमच्या तक्त्यातलाच घ्या, अंदाजानं नको.

पिव्हटसाठी मॅक्स प्रकारची बेअरिंग येते. तिच्यात गोळ्या धरणारी जाळी नसते, त्या जागी जास्त गोळ्या असतात, म्हणून ती भार जास्त पेलते. स्टेनलेसचं पोलाद थोडं मऊ असतं, पण सहज गंजत नाही. मुख्य पिव्हटला, म्हणजे ६९०२ ला, साधी मॅक्स ग्रीस भरून टाका. मागच्या लहान चार जागी स्टेनलेस चालतील.

बदलताना नवीन बेअरिंग बाहेरच्या रेसवरच दाबायची. आतल्या रेसवर दाब दिला तर गोळ्यांचे खड्डे रेसवर उमटतात आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खटखटते. ६९०२ चा बाहेरचा व्यास २८ मिमी. २७ मिमीच्या आसपास बाहेरचा व्यास असलेला सॉकेट, लांब एम८ बोल्ट आणि दोन जाड वॉशर, एवढ्यात घरचा प्रेस तयार होतो. हातोडी नको.

घाटमाथा (आंबोली)

वर सगळं बरोबर आहे. मी सस्पेन्शन आणि ब्रेकचं जोडतो.

शॉकचा स्ट्रोक ४५ मिमी धरला तर २५ टक्के सॅग (माणूस बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं ते) म्हणजे ११ मिमी. ते मोजायचं पूर्ण सामानासकट: हेल्मेट, बूट आणि पाठीवर दोन लिटर पाणी. रिकाम्या अंगानं सॅग लावून निघालात की घाटात मागचं टोक बसलेलं राहतं. फोर्कला १२० चे २० टक्के, २४ मिमी. मागे ११५ मिमी ट्रॅव्हल ४५ मिमीच्या स्ट्रोकमधून येतं, म्हणजे चाकाची हालचाल शॉकच्या अडीच पटीहून जास्त. त्यामुळे शॉकमध्ये ५ पीएसआयचा फरकसुद्धा चाकाला जाणवतो. पंप शॉकचाच वापरा. पंप लावताना नळीत थोडी हवा जाते, म्हणून काटा दर वेळी थोडा कमी दाखवतो. ती गळती नव्हे.

चेनची लांबी सायकल स्टँडवर सरळ उभी ठेवून कापू नका. फुल सस्पेन्शनमध्ये शॉक दबला की बॉटम ब्रॅकेट आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर वाढतं. शॉकची हवा काढा, मागचं चाक वर दाबून ते अंतर सर्वांत जास्त होईल तिथं धरा, तिथं मोठ्या दात्यांवरून चेन मापा आणि मगच पत्रकात सांगितलेल्या कड्या वाढवून कापा. नाहीतर पहिल्याच मोठ्या उडीला ५१ वर असताना डिरेलर हँगरसकट (फ्रेमवरच्या त्याच्या कानासकट) ओढला जातो. डिरेलरचं बी-टेन्शनही (कॅसेटपासूनचं अंतर) सीटवर माणूस बसवून सॅगमध्ये लावायचं.

ब्रेक पॅड रेझिनचे आले तर पावसाळ्याआधी मेटलचे टाका. जांभ्याची लाल लगदी म्हणजे पाण्यात कालवलेला पॉलिश पेपरच. लांब ओल्या उतारावर रेझिनचे पॅड एका दिवसात संपू शकतात. रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' असं छापलेलं नाही ना, ते आधी बघा.

शिमानोचं मिनरल ऑइल आहे ते चांगलं. डॉट द्रव हवेतली वाफ शोषतो, आपल्या दमट हवेत तो वर्षातून एकदा बदलावाच लागतो. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, पण आत गेलेलं पाणी खाली कॅलिपरपाशी साचतं, म्हणून ब्लीड करताना तेल खालून वर ढकला.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. कॅसेटवर खर्च करा. शिमानोच्याच वरच्या श्रेणीची, एक्सटीआरची कॅसेट सुमारे १०० ग्रॅम हलकी आहे आणि ते वजन मागच्या चाकावरचं, स्प्रिंगच्या खालचं. तेवढंच वजन सीटमधून काढलंत तर चढावर जाणवेल, पण खडबडीत वाटेवर मागचं चाक जमिनीला जास्त धरणार नाही. मागच्या चाकावरून काढलेलं दोन्हीकडे जाणवतं.

बत्तीस स्पोक (अलिबाग)

पण तिची अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमची दातेरी चाकं लाल चिखलात लवकर झिजतात. वर्षभर पावसात चालवणार असाल तर एक्सटीच बरी. किंवा जून ते सप्टेंबर एक्सटी आणि त्यापुढे एक्सटीआर, प्रत्येकीची चेन वेगळी. जुनी चेन नव्या कॅसेटवर टाकू नका.

पाखाडी (गुहागर)

फोर्कच्या ब्रिजला प्लास्टिकचा छोटा मडगार्ड लावा, ३० ग्रॅमचा. पुढचं चाक लाल पाणी सरळ सीलवर उडवतं. राइडनंतर स्टँचियनवर (फोर्कच्या गुळगुळीत नळ्यांवर) सीलच्या वर बारीक तांबडी कडी दिसेल. ती कापडानं पुसायची, फोर्क दाबायच्या आधी. तशीच दाबलीत तर ती आत जाते आणि फोमच्या रिंगमध्ये बसून स्टँचियनला घासत राहते. खालच्या पायांची सर्व्हिस ५० तासांनी सांगितलेली असते, पावसाळ्यात ती २५-३० वर आणा. सील आणि फोम धुऊन नवं तेल घालण्यापुरतं काम आहे, डॅम्पर उघडायचा नाही.

अजून एक, भागांशी संबंध नसलेलं. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी, अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बरीचशी उथळ कोरलेली आहेत आणि उन्हात डोक्यावर सूर्य असताना दिसतच नाहीत. अशा सड्यावर मळलेली पायवाट सोडू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर फुलं असतात तेव्हाही तेच.

सडाफिरा (रत्नागिरी)

नवा हिशोब: ११,४५० मध्ये निपल ३६, पुढचा टायर ५०, फ्रेम ९०, मडगार्ड ३० वाढले, कॅसेट एक्सटीआर म्हणून १०० कमी. ११ किलो ५५६. कोरड्या महिन्यांत, पेडलसकट. ११ चा हट्ट सोडला. पावसाळ्यात एक्सटी.

जोडणीचा क्रम आणि टॉर्क कोणी एकदा सांगाल का?

बत्तीस स्पोक (अलिबाग)

पिव्हट आधी, वर सांगितल्याप्रमाणे. मग हेडसेट आणि फोर्क, पण स्टीअरर लगेच कापू नका. दहा-वीस मिमीचे स्पेसर वर ठेवून महिनाभर चालवा. बॉटम ब्रॅकेट, क्रँक (एक्सटीचे दोन पिंच बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटर, दोन्ही आळीपाळीनं), मग चाकं. कॅसेटची लॉकरिंग ४०, सेंटरलॉक रोटर असेल तर त्याचीही ४०. कॅलिपरचे बोल्ट ६ ते ८. ते पूर्ण आवळण्याआधी लिव्हर दाबून धरा म्हणजे कॅलिपर रोटरवर स्वतः मध्यावर येतो. डिरेलर ८ ते १०, हँगर आधी सरळ आहे का बघून. नवीन फ्रेमचाही हँगर वाकडा निघतो.

स्टेम ४ ते ५, चारही बोल्ट फुलीच्या क्रमानं. कार्बन बार आणि ड्रॉपरच्या नळीला कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नको. पेस्टमधल्या बारीक कणांमुळे कमी टॉर्कमध्ये पकड येते, आणि ड्रॉपरचा क्लॅम्प जास्त आवळला की ड्रॉपर वर येताना अडकतो. तो ५ च्या पुढे नेऊ नका. शॉकचे बोल्ट सर्वांत शेवटी, शॉकमध्ये हवा नसताना. पन्नास किलोमीटर चालवून पिव्हट, क्रँक आणि रोटर पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा.

करकर आली तर आधी सीटपोस्ट, मग मागचा अ‍ॅक्सल, मग हँगर, आणि शेवटी पिव्हट. लोक उलट्या क्रमानं शोधतात आणि पिव्हट उगाच उघडतात.

खारा वारा (मालवण)

चेनला वॅक्स लावणार असाल तर नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात वॅक्सची चेन एका रात्रीत कड्यांच्या कडेनं तांबडी होते, तेव्हा वेट ल्यूब घाला आणि दर वेळी बाहेरून पुसा.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, कुठल्याही फेरीबोटीत सायकल डेकच्या कडेला ठेवू नका, पाण्याचे शिंतोडे येतात. पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) चालवली असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. बादली आणि स्पंज. प्रेशरचा पाइप पिव्हट, हब आणि बॉटम ब्रॅकेटवर मारला की वर भरलेलं सगळं ग्रीस वाया.

धुतल्यावर फ्रेममध्ये पाणी राहतं. 'ब' फ्रेमला बॉटम ब्रॅकेटच्या खाली निचऱ्याचं छिद्र आहे का?

सडाफिरा (रत्नागिरी)

आहे. ४ मिमीचं असेल, वर रबरी बूच बसवलेलं आहे.

खारा वारा (मालवण)

ते बूच काढूनच टाका. सीटपोस्टच्या बाजूनं आत येणारं पाणी त्याच्यावर साचतं आणि बॉटम ब्रॅकेटची बेअरिंग आतून गंजते. छिद्र लाल मातीनं बुजतं, दर धुण्याला ३ मिमीची अ‍ॅलन की आत घालून फिरवा.